अंकल सॅमच्या डोक्यावरची पट्टी

१९७१ साली अमेरिकेत एक पोस्टर निघाले. त्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होता. फक्त या वेळी त्याच्या डोक्याला पट्टी बांधलेली होती, कपडे फाटलेले होते आणि एकेकाळी पाहणाऱ्यावर रोखलेले बोट जाऊन तिथे याचकाचा पसरलेला हात आला होता. शब्द तीनच: ‘आय वॉन्ट आउट’. मला यातून बाहेर पडायचे आहे.

हा म्हातारा म्हणजे अंकल सॅम. जेम्स माँटगोमेरी फ्लॅग या चित्रकाराने पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यभरतीच्या पोस्टरवर आणले. ‘आय वॉन्ट यू’ म्हणत तो थेट आपल्याकडे बोट दाखवतो. कल्पना उसनी होती. १९१४ मध्ये ब्रिटनमध्ये लॉर्ड किचनर असेच बोट रोखून उभे होते. चेहरा मात्र फ्लॅगने स्वतःचाच, वय वाढवून, काढला. १९१७-१८ मध्ये या पोस्टरच्या ४० लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा भिंतींवर आले.

विडंबनकाराला याहून सोयीचे काय असणार? मूळ प्रतिमा घराघरांत पोहोचवण्याचा खर्च सरकारने आधीच केला होता.

१९७१ चे ते पोस्टर कुणा दाढीवाल्या बंडखोराच्या खोलीत जन्मले नाही, हे विशेष. ते जाहिरात व्यवसायातल्या पट्टीच्या मंडळींचे काम. त्या फेब्रुवारीत सीबीएस वाहिनीने ‘द सेलिंग ऑफ द पेंटागॉन’ हा माहितीपट दाखवला. संरक्षण खाते जनतेच्याच पैशाने जनतेला युद्ध कसे ‘विकते’, हा त्याचा विषय. तो पाहून येल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला सुचले, की जे विकता येते त्याची मागणी घालवताही येईल. एरवी ग्राहकोपयोगी वस्तू खपवणाऱ्यांनी मग युद्ध न खपण्यासाठी आपले कसब पणाला लावले.

टोमी उंगेररचा उपहास याहून पुष्कळ कडवट. हा बालपुस्तकांचा लाडका चित्रकार अल्सासचा. नाझींच्या ताब्यातल्या प्रदेशात त्याचे बालपण गेले, त्यामुळे प्रचार म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९६७ च्या त्याच्या ‘ईट’ या पोस्टरात एक गोरा हात आशियाई माणसाच्या तोंडात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा कोंबतो आहे. माझ्या मते व्हिएतनाम युद्धावर यापेक्षा नेमके भाष्य त्या काळच्या अग्रलेखांतही क्वचितच सापडेल.

सारेच उपहास असे निर्मळ नव्हते. १९६८ च्या एका गाजलेल्या पोस्टरात गायिका जोन बाएझ आपल्या दोन बहिणींसह बसलेली दिसते आणि सक्तीच्या भरतीला ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलांना मुली ‘हो’ म्हणतात, असे शब्द वर झळकतात. स्त्रीवादी कार्यकर्त्या संतापल्या. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. युद्धविरोधातही स्त्री बक्षीसच ठरत होती.

आणि एका टप्प्यावर उपहासच मुका झाला. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. ते जगाला कळायला १९६९ चा नोव्हेंबर उजाडला. सैन्यातला छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली याने टिपलेले, वाटेवर पडलेल्या बायकामुलांच्या प्रेतांचे रंगीत छायाचित्र न्यूयॉर्कच्या ‘आर्ट वर्कर्स कोअॅलिशन’ने घेतले आणि त्यावर एका सैनिकाच्या दूरचित्रवाणी मुलाखतीतला प्रश्न व उत्तर छापले: आणि बाळेही? आणि बाळेही. बाकी काही जोडले नाही.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या पोस्टरला साहाय्य देण्याचे आधी मान्य केले होते. संग्रहालयाचे अध्यक्ष विल्यम पेली यांनी ते पाहिले आणि हात आखडता घेतला गेला. हेच पेली सीबीएसचेही प्रमुख, आणि ती मुलाखत दाखवली होती सीबीएसनेच! शेवटी मुद्रण कामगारांच्या संघटनेच्या मदतीने ५० हजार प्रती निघाल्या. जानेवारी १९७० मध्ये कलावंत त्या प्रती घेऊन त्याच संग्रहालयात, पिकासोच्या ‘गेर्निका’समोर जाऊन उभे राहिले. आज ते पोस्टर संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहात आहे.

मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. बर्कलीतल्या विद्यार्थ्यांनी कार्यशाळा मांडून रात्रंदिवस पोस्टरे छापली. कागद विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून संगणकाचे वापरलेले कागद उलटे करून घेतले. त्यातल्या कित्येक पोस्टरांच्या कडेला छपाईयंत्राची भोके अजून दिसतात.