मुंबईची वेळ आणि संगणकाचे कालकोष्टक

‘सकाळचे दहा वाजले’ हे विधान वरकरणी पूर्ण वाटते. परंतु ते कोठे आणि कोणत्या संकेतानुसार उच्चारले गेले हे कळल्यावाचून त्याचा काल निश्चित होत नाही. ‘मी’, ‘येथे’, ‘उद्या’ या शब्दांप्रमाणेच घड्याळाची वेळही प्रसंगसापेक्ष आहे. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना या गोष्टीचा प्रत्यय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. मुंबईकरांना तो त्यापूर्वीच आला होता.

मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. मद्रासची त्याहून सुमारे ३० मिनिटे पुढे. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कामकाजात मद्रासची वेळ लागू केली. तीस नागरिकांचा विरोध झाला आणि १८८३ मध्ये ती मागे घेण्यात आली. १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला या पूर्व रेखांशावर आधारलेली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी भारतीय प्रमाणवेळ अंमलात आली. त्याच महिन्यात गिरणी-कामगारांनी या बदलाविरुद्ध काम थांबविले. सरकार व रेल्वे यांनी नवी वेळ स्वीकारली तरी नागरी व्यवहारात ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. दरम्यान, युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे नेलेली होती. म्हणजे भारतास उन्हाळी वेळेचा अनुभवच नाही, ही समजूत बरोबर नव्हे.

आता संगणकाकडे वळू. युनिक्स प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत अमेरिकेतील उन्हाळी वेळेचे नियम आज्ञावलीच्या मजकुरातच गोवलेले होते. १९७४ व १९७५ या वर्षांचे अपवादही तेथेच नोंदले होते. पुढे १९८६ च्या कायद्याने अमेरिकेतील नियम बदलले आणि ते १९८७ पासून लागू झाले. कायदा बदलला की आज्ञावली नव्याने सिद्ध करणे भाग पडे. इतर देशांत तर ती आरंभापासूनच चुकीची ठरे. यावर आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी उपाय काढला तो असा, की नियम आज्ञावलीतून बाहेर काढून एका स्वतंत्र कोष्टकात ठेवावेत. त्या कोष्टकात प्रत्येक कालक्षेत्रास एका नगराचे नाव असते व त्याखाली पूर्वीपासूनच्या बदलांची जंत्री असते. २०११ पासून हे कोष्टक आयाना या संस्थेच्या व्यवस्थेखाली आहे. भारताचे क्षेत्र त्यात ‘एशिया/कोलकाता’ या नावाने येते. ‘कॅलकटा’ हे जुने रूपही पर्यायी नाव म्हणून राखलेले आहे.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. ‘साडेपाच तास’ ही केवळ संख्या होय. ‘कोलकाता’ हे नाव मात्र एका इतिहासाचे निदर्शक आहे. संख्येवरून पूर्वीचा किंवा पुढचा नियम कळत नाही. शिवाय संख्येचे लेखनही एकरूप नाही. प्रचलित आंतरराष्ट्रीय प्रमाणलेखनात भारताचे अंतर धन लिहितात, तर पोझिक्स प्रमाणातील एका चिन्हपद्धतीत ग्रिनिचच्या पश्चिमेस धन मानल्यामुळे तेच ऋण होते. घड्याळे मागे घेतली जातात त्या दिवशी एक तास दोनदा येतो. तेव्हा एकच अंकलेखन दोन भिन्न क्षणांचे वाचक बनते. ही कालगणनेतील अनेकार्थताच होय. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात तिच्या निरसनासाठी एक स्वतंत्र दर्शक योजिला आहे. त्यास ‘होय’ व ‘नाही’ यांखेरीज ‘ठाऊक नाही’ असे तिसरेही मूल्य आहे.

या तिसऱ्या मूल्याचे महत्त्व मुंबईच्या उदाहरणाने स्पष्ट होते. १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे एकमेकांशी जुळतात त्यांस एकच क्षेत्र मानावे, असे कोष्टकाचे धोरण आहे. त्यामुळे मुख्य कोष्टकात मुंबईस पृथक् स्थान नाही. समजा, १९३० च्या एखाद्या मुंबईतील जन्मनोंदीत ‘सकाळी १०’ असे लिहिले आहे. आज्ञावली त्यावरून ग्रिनिचची वेळ ४ वाजून ३० मिनिटे अशी काढील. लिहिणाऱ्याने मुंबईची वेळ धरली असल्यास खरे उत्तर ५ वाजून ९ मिनिटे हे होय. आज्ञावली कोणतीही शंका न दर्शविता ३९ मिनिटांची चूक करील, आणि पुढील अभ्यासक त्या उत्तरास पुरावा मानील.

यावरून निघणारा निष्कर्ष असा. जो क्षण घडून गेला व निश्चित झाला आहे, तो जागतिक वेळेत साठवावा आणि त्यासोबत स्थळाचे नाव ठेवावे. पुढे ठरलेल्या सभेसारख्या गोष्टींत मात्र स्थानिक वेळ व स्थळ हीच मूळ नोंद मानावी, कारण मधल्या काळात नियम बदलू शकतो. ऐतिहासिक कागदपत्रांत तर मूळ अक्षरे जशीच्या तशी जतन करून रूपांतर वेगळे लिहावे. पाठभेद नोंदविल्यावाचून पोथीचे संपादन आपण प्रमाण मानीत नाही. जुन्या वेळांचे संपादन करतानाही हीच शिस्त पाळावयास हवी.