हलक्या विमानाचे इंजिन आणि थंडी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात इंजिन म्हटले की ते तापेल ही चिंता आधी. मग तो ट्रॅक्टर असो वा विहिरीवरील डिझेल पंप. विमानविद्येच्या इतिहासात मात्र नेमकी उलटी चिंता दीर्घकाळ वाहिली गेली.

मे 2019 मध्ये मुंबईच्या आरोही पंडित यांनी ‘माही’ या हलक्या विमानातून स्कॉटलंड, आइसलँड, ग्रीनलंडमार्गे कॅनडातील इकालुइटपर्यंत एकटीने अटलांटिक ओलांडला. त्यांच्या धैर्याची नोंद योग्य तीच झाली. इंजिनाच्या उबेची चर्चा फारशी झाली नाही. ‘माही’च्या रोटॅक्स इंजिनातील तेल किमान 50 अंश सेल्सिअस झाल्याखेरीज उड्डाणासाठी पूर्ण शक्ती द्यावयाची नसते. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होते, ते बेअरिंगपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. शिवाय अनेक विमान-इंजिनांचे बाह्य कवच ॲल्युमिनियमचे व आतील क्रँकशाफ्ट पोलादी असतो. ॲल्युमिनियम अधिक आकुंचन पावते, दोहोंमधील फट अरुंद होते आणि सुरू होतानाच इंजिनाची झीज होते.

1920-30 च्या दशकांत अलास्का व उत्तर कॅनडातील वैमानिक विमान उतरताच गरम तेल काढून घेत आणि रात्री ते निवाऱ्यात सांभाळीत. पहाटे इंजिनावर जाड कापडी आच्छादन टाकून खाली शेगडी पेटवीत, तेल पुन्हा तापवून ओतीत. कापडाखाली पेट्रोल आणि जाळ एकत्र. म्हणून कोणीतरी सतत जवळ बसणे भाग असे. विक्रमांच्या इतिहासात या पहारेकऱ्याला स्थान नाही, हे अन्यायाचेच म्हणावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात इंजिन बंद करण्यापूर्वी तेलात थोडे पेट्रोल मिसळून ते पातळ ठेवण्याची पद्धत रूढ झाली. सुरू झाल्यावर उष्णतेने पेट्रोल उडून जाई. पुढे विजेवरील तापक आले आणि शेगडी मागे पडली.

तथापि हा प्रश्न केवळ ध्रुवप्रदेशाचा नाही. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचे बाष्पीभवन होताना व हवा अरुंद मार्गातून जाताना तापमान 20 अंशांहूनही अधिक उतरू शकते. परिणामी हवा दमट असल्यास बाहेर 20-25 अंश असतानाही आत बर्फ धरतो. जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, ते पस मॉथ या एकाच इंजिनाच्या विमानातून. अशा विमानांना कोकण किनारा वा सह्याद्रीवरील पावसाळी हवा या दृष्टीने निर्धोक नव्हती. उपाय साधा : धुराड्याभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरकडे वळविणे. तो वेळीच न केल्यास इंजिनाची शक्ती घटते, प्रसंगी ते बंदही पडते. अपघातानंतर तपास करणारे पोहोचेपर्यंत तो बर्फ बहुधा वितळून गेलेला असतो.