पोस्टाची तिकिटं, आपल्या पत्रपेट्या आणि पुढची पिढी

आपण सोसायटीत राहायला आलो तेव्हा जिन्याखालची पत्रपेट्यांची रांग नवी कोरी होती. पोस्टमन आला की मुलं खाली धावायची. आज त्याच पेट्यांत बँकेची पत्रं आणि जाहिरातींचे कागद पडतात. काहींच्या तर किल्ल्याही हरवल्यात. या पंचवीस वर्षांत पत्रांबरोबर आणखी एक गोष्ट आपल्या घरांतून हळूच निघून गेली, ती म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवण्याचा छंद.

रौप्यमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी 'कुणाकडे काही संग्रह असल्यास कळवावे' अशी सूचना आपण फलकावर लावली. तिकिटं, जुनी नाणी, काडेपेट्यांचे छाप घेऊन जे पुढे आले ते सगळेच साठीच्या पुढचे. तेव्हा वाटलं, या छंदाचा इतिहास लिहून ठेवावा.

जगातलं पहिलं टपाल तिकीट, 'पेनी ब्लॅक', १८४० साली इंग्लंडमध्ये निघालं. आपल्याकडे १८५२ मध्ये सिंध प्रांतात बार्टल फ्रियर यांनी अर्ध्या आण्याचं 'सिंध डाक' काढलं. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी आलं. त्याची किंमत साडेतीन आणे, त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद'. हे तिकीट ज्याच्या वहीत असे, त्याचा वर्गात केवढा रुबाब!

हा छंद खोपोलीसारख्या गावात रुजला, कारण इथे पत्रं चहूकडून येत. १९१५ मध्ये टाटांचं वीजगृह सुरू झालं. पुढे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर घाटावरची, कोकणातली, परप्रांतातली माणसं आली. प्रत्येकाचं गाव दूर, म्हणून प्रत्येकाच्या घरी पत्र. महिंद्र युजिनचं तर फ्रेंच कंपनीशी सहकार्य होतं. ऑफिसात काम करणाऱ्या काकांच्या मागे लागून फ्रान्सचं एखादं तिकीट मिळवायचं, हा मुलांचा उद्योग. पाकिटाचा कोपरा कापायचा, वाटीभर पाण्यात भिजवायचा, सुटलेलं तिकीट वर्तमानपत्राच्या घडीत वाळवायचं. खर्च शून्य! भूगोल मात्र तोंडपाठ. १९९३ साली डोंगरी रेल्वेच्या इंजिनांवर तिकिटं निघाली, त्यात आपली नेरळ-माथेरानची गाडी पाहून किती आनंद झाला होता!

मग हे आटलं कसं? आधी घरोघरी फोन आले, मग मोबाईल. ऑफिसच्या पाकिटांवर तिकिटाऐवजी मशीनचा शिक्का, नंतर बारकोड. २०१३ मध्ये तार बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. जे तिकीट पूर्वी फुकट दारात येई, ते आता मुद्दाम पैसे देऊन विकत घ्यावं लागतं. तेव्हा 'आजकालच्या मुलांना आवडच नाही' असं म्हणणं बरोबर नाही.

आणि थोडा दोष आमचाही आहे. आम्ही मोठे झालो, अल्बम महाग झाले आणि 'हात लावू नकोस, घाण होईल' म्हणत आम्ही ते कपाटात कुलूपबंद केले. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबा गेल्यावर त्यांचे अल्बम रद्दीत गेले, किलोच्या भावाने. नातवाला नंतर वाईट वाटलं. तो म्हणाला, "त्यात काय होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं हो काका." ते वाक्य मला अजून बोचतं, कारण माझ्या मुलांनाही मी सांगितलेलं नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण इथे होते. अडकित्ते, दिवे, दौती असं घरगुती सामान त्यांनी आयुष्यभर जमवलं, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. म्हणून तो आज आपल्याला पाहायला मिळतो. त्यांच्याएवढं आपल्याला जमणार नाही, पण जमवलेलं दुसऱ्याच्या हाती द्यावं एवढं तर शिकता येईल.

पोस्ट खात्यानेही प्रयत्न केले आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीनदयाळ स्पर्श' योजनेत तिकिटं जमवणाऱ्या सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती ठेवली आहे. पोस्टात २०० रुपये भरून फिलाटेली खातं उघडलं की नवी तिकिटं घरपोच येतात, म्हणजे पत्रपेटीलाही काम मिळेल!

माझी ज्येष्ठ संग्राहकांना विनंती आहे. अल्बमच्या प्रत्येक पानामागे दोन ओळी लिहा, हे तिकीट कुणाच्या पत्रावरचं, कुठल्या साली मिळालं. जास्तीची तिकिटं बाजूला काढा. प्रदर्शनाच्या दिवशी मी माझा डबा घेऊन हॉलमध्ये बसणार आहे, काच न लावता. मुलांनी यावं, तिकिटं हातात घ्यावीत, आवडेल ते घरी न्यावं. फाटलं तर फाटलं. रद्दीत जाण्यापेक्षा ते बरं.