वाट आखण्याआधी गावाला विचारा : दांडी, डांग आणि साल्हेर

पावसाळ्याचे दोन-तीन जोरदार शिडकावे झाले की सुरतेतील मराठी घरांमध्ये डांगच्या सहलींचे बेत सुरू होतात. कोणाला वघईजवळचा गिरा धबधबा पाहायचा असतो, कोणाला महालच्या जंगलात मुक्काम करायचा असतो, तर तरुण मंडळी साल्हेरची चढाई ठरवतात. पर्यटनासाठी पायवाटा, निसर्गशिबिरे आणि गडवाटा आता सगळीकडे आखल्या जात आहेत. ही वाट ज्या गावातून जाते, त्या गावाला आखणीत किती वाव मिळतो? याबाबतची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र दिली आहे.

आपल्या दारातले उदाहरण

वाटेवरच्या गावांना आधी कळवून आखलेल्या पदयात्रेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सुरतेच्या वेशीवरून गेले आहे. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले आणि सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोहोचले. संगीतज्ञ पंडित नारायण मोरेश्वर खरे हे या तुकडीत होते. आज जेथे आपली अनेक कुटुंबे राहतात ते दिंडोली गावही या मार्गावर आहे.

यात्रेच्या पुढे गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'अरुण टुकडी' चालत असे. मुक्कामाची सोय पाहणे आणि लोकसंख्या, चरखे, गुरे अशी गावाची माहिती जमवणे हे तिचे काम. गावावर भार पडू नये म्हणून जेवण साधे असावे, अशी सूचनाही आधीच दिलेली होती.

तरीही चूक झालीच. २९ मार्चला ओलपाड तालुक्यातील भाटगाम येथे गांधीजींच्या लक्षात आले, की यात्रेसाठी सुरतहून मोटारीने दूध आणले जात आहे आणि रात्रीच्या चालीत एक मजूर जड दिवा डोक्यावर घेऊन पळतो आहे. त्यांनी जाहीर सभेत स्वतःला आणि सहकाऱ्यांना दोष दिला. वाटेचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो हे पाहिले पाहिजे, हा धडा पर्यटनालाही लागू पडतो.

कायदा काय सांगतो

डांग जिल्हा पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. सुरत जिल्ह्यातील मांडवी, उमरपाडा आणि नाशिक जिल्ह्यातील बागलाणचा आदिवासी भागही त्यात आहे. तेथे दोन कायदे महत्त्वाचे आहेत.

१. पेसा कायदा, १९९६ : गावाची साधनसंपत्ती आणि रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. विकासाच्या योजना पंचायतीने राबवण्यापूर्वी ग्रामसभेची मान्यता लागते. याचे नियम महाराष्ट्राने २०१४ मध्ये आणि गुजरातने २०१७ मध्ये केले.

२. वनहक्क कायदा, २००६ : गावाने परंपरेने राखलेल्या जंगलाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क यात आहे. शाळा, दवाखाना, रस्ता, पिण्याचे पाणी अशा १३ गावोपयोगी सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. या १३ सोयींच्या यादीत पर्यटन नाही.

थोडक्यात, ग्रामसभेला विचारणे ही मेहेरबानी नसून कायद्याने सांगितलेली पायरी आहे. मात्र अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात प्रवेशाची परवानगी वनविभागच देतो.

सुरतेजवळची शिबिरस्थळे

डांगमध्ये महाल आणि किलाद, तापी जिल्ह्यात अंबिकेकाठचे पदमडुंगरी, सुरत जिल्ह्यात केवडी आणि देवघाट ही वनविभागाची निसर्गशिबिरे आहेत. महाल हे पूर्णा अभयारण्यात आहे. स्वयंपाक, साफसफाई, राखण आणि वाट दाखवणे ही कामे बहुतेक गावचेच लोक करतात. म्हणून तेथे राहून तेथेच जेवले, तर पैशाचा काही भाग गावात राहतो.

आखणीत गावाचा शब्द किती आहे, हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात. वाट कुठून न्यायची हे कोणी ठरवले? शुल्क कोणाच्या खात्यात जमा होते? गर्दी जास्त झाली तर वाट बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे? बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना पैसा कोठून येतो आणि कोठे जातो हे आम्ही आधी पाहत असू. येथेही तेच पाहावे.

कास पठाराचा अनुभव

साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे. भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या फुलांच्या हंगामात शुल्क घेतात, गाड्या लांब उभ्या करायला लावतात आणि गावातील तरुणांना मार्गदर्शक व राखणदार म्हणून काम देतात. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादाही ठरवली गेली.

पठाराला कुंपण घातल्यावर मात्र गुरांचा वावर थांबला. गवत माजले आणि फुले कमी झाल्याचे गावकरी व अभ्यासक सांगू लागले. शेवटी ते कुंपण काढावे लागले. गुरे आणि फुले यांचे नाते गुराख्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. ते आधी विचारले असते तर कुंपणाचा खर्च आणि काही हंगाम वाचले असते.

आता पाळी साल्हेरची

साल्हेर (१,५६७ मीटर) हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर मराठी फौज बागलाणातूनच परतली आणि १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना खुल्या मैदानात हरवले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले वारसा यादीत घेतले, त्यात साल्हेर आहे. गड राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

गडावर जाण्याच्या मुख्य वाटा दोन : साल्हेरवाडीकडून आणि वाघांब्याकडून. वारसा यादीमुळे गर्दी वाढणार, आणि वाहनतळ, पाणी, शौचालये व दिशाफलक कोठे असावेत हे ठरवावे लागणार. पावसात कोणता ओहोळ फुगतो, कोणाच्या नागलीच्या शेतातून लोक घुसतात, गुरे कोठे पाणी पितात, हे या दोन गावांना माहीत आहे. ते विचारण्याची वेळ काम सुरू होण्याआधीची आहे.

सहलीला निघण्यापूर्वी

आपल्या मंडळाच्या सहलीही यातून सुटलेल्या नाहीत. खमण, ठेपले, चिवडा आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके सुरतहूनच बसमध्ये भरायचे आणि परतताना गावात फक्त कचरा ठेवून यायचे, असे आपल्या हातून घडले आहे. भाटगामच्या दुधाचीच ही गोष्ट. यापुढे एवढे करता येईल :

• आठ दिवस आधी गावात फोन करून माणसे किती, गाड्या किती ते कळवावे.
• एक वेळचे जेवण गावातच घ्यावे. नागलीची भाकरी, उडदाचे भुजे मुलांनाही आवडते.
• वाटाड्या गावचाच घ्यावा आणि मेहनताना आधी ठरवावा.
• समितीचे शुल्क भरून पावती घ्यावी.
• शेतातून जवळची वाट काढू नये. आपला कचरा परत सुरतेला आणावा.
• गावाने आज येऊ नका म्हटले, तर बेत पुढे ढकलावा.

डांगच्या बोलीत आपल्या मराठीतले, अहिराणीतले कितीतरी शब्द कानावर पडतात. भाषा इतकी जवळची असताना विचारायला संकोच नको.