हिपॅटायटिस सी : नैसर्गिक व एकात्मिक उपचार

दीर्घकालीन हिपॅटायटिस सी या यकृतविकारात विषाणुरोधी औषधांच्या जोडीने किंवा त्यांच्याऐवजी वनौषधी, आहारपूरके, पथ्ये, व्यायाम, योग, ॲक्युपंक्चर असे विविध उपाय योजले जातात. त्यांना सामान्यतः नैसर्गिक किंवा पूरक उपचार असे म्हटले जाते. हे उपाय आधुनिक वैद्यकीय उपचारांची जागा न घेता त्यांच्याबरोबर आणि वैद्यकीय देखरेखीखाली वापरले, तर त्यास एकात्मिक उपचार अशी संज्ञा आहे. उपचार सोडून केवळ अशा उपायांवर विसंबणे म्हणजे पर्यायी उपचार होय. कोणतीही वनौषधी किंवा आहारपूरक हिपॅटायटिस सीचा विषाणू शरीरातून नाहीसा करते, असे आजवर सिद्ध झालेले नाही. याउलट, थेट विषाणूवर कार्य करणाऱ्या औषधांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. त्यामुळे पूरक उपायांचे आजचे स्थान यकृताचे रक्षण, लक्षणांचे शमन आणि सर्वसाधारण आरोग्य एवढ्यापुरते मर्यादित आहे.

रोगाचे स्वरूप

हिपॅटायटिस सी हा आरएनए प्रकारच्या विषाणूमुळे होणारा यकृतदाह आहे. १९८९ मध्ये या विषाणूची ओळख पटली. तोपर्यंत हा आजार ‘ए नसलेला, बी नसलेला’ हिपॅटायटिस या नावाने ओळखला जात असे. या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग प्रामुख्याने रक्तावाटे होतो. निर्जंतुक न केलेल्या सुया व उपकरणे, तपासणी न केलेले रक्त आणि अमली पदार्थ टोचून घेताना सामाईक वापरलेल्या सुया ही त्याची मुख्य कारणे होत. या रोगावर प्रतिबंधक लस उपलब्ध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग आहे. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत उपचारांविना निघून जातो. उरलेल्यांत तो ठाण मांडतो. अशा रुग्णांपैकी १५ ते ३० टक्के जणांना २० वर्षांच्या काळात यकृतकाठिण्य (सिऱ्होसिस) होण्याचा धोका असतो आणि त्यातून पुढे यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. या दीर्घ काळात बहुतेकांना काहीच जाणवत नाही किंवा केवळ थकवा जाणवतो. पूरक उपायांचे मूल्यमापन करताना रोगाची ही मूक चाल ध्यानात घ्यावी लागते, कारण बरे वाटणे आणि बरे होणे या येथे दोन भिन्न गोष्टी आहेत.

नैसर्गिक उपचारांकडे ओढा असण्याची कारणे

१९९० च्या दशकात इंटरफेरॉनची इंजेक्शने हाच या रोगावरील मुख्य उपचार होता. पुढे त्यास रिबाव्हिरिनच्या गोळ्यांची जोड मिळाली. हा उपचार सहा महिने ते वर्षभर चाले. ताप, अंगदुखी, नैराश्य, रक्तक्षय व केस गळणे असे त्रास होत, आणि इतके सोसूनही जनुकप्रकार १ च्या निम्म्याहून अधिक रुग्णांत विषाणू कायम राहत असे. अशा परिस्थितीत अनेक रुग्ण वनौषधींकडे वळले. अमेरिकेत त्यांत मिल्क थिसल या वनस्पतीचा अर्क सर्वाधिक लोकप्रिय होता. जपानमध्ये ज्येष्ठमधापासून बनवलेली इंजेक्शने रुग्णालयांतूनच दिली जात.

२०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. मात्र तेथे १२ आठवड्यांच्या उपचारांची किंमत ८४,००० डॉलर ठेवण्यात आली होती. औषध आहे, पण आवाक्याबाहेर आहे, अशा स्थितीत पर्यायी उपायांची मागणी टिकून राहिली. २०१४ पासून भारतीय कंपन्यांना या औषधाची जेनेरिक आवृत्ती बनवण्याचे परवाने मिळाले व भारतात त्याची किंमत बरीच खाली आली.

वनौषधी

मिल्क थिसल : भूमध्य सागराच्या परिसरातील या काटेरी वनस्पतीच्या बियांपासून सिलिमरिन हे द्रव्य मिळते. प्रयोगशाळेत ते यकृतपेशींचे रक्षण करते असे दिसले होते. प्रत्यक्ष रुग्णांवरील महत्त्वाची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटरफेरॉनने गुण न आलेल्या १५४ रुग्णांना २४ आठवडे सिलिमरिनची नेहमीपेक्षा अधिक मात्रा किंवा औषधविरहित गोळी देण्यात आली. यकृताची इजा दर्शवणाऱ्या एएलटी या विकराच्या पातळीत किंवा विषाणूच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. सिलिमरिन सहसा त्रासदायक ठरत नाही, परंतु त्याने रोग बरा होत नाही. त्यातील सिलिबिनिन हा घटक शिरेवाटे दिल्यास विषाणूचे प्रमाण घटते, असे काही अभ्यासांत दिसले होते. मात्र तो औषधी उपचार होता आणि बाजारातील गोळ्यांना तो निष्कर्ष लागू होत नाही.

ज्येष्ठमध : ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे द्रव्य शिरेवाटे दिल्यास एएलटीची पातळी उतरते. विषाणूचे प्रमाण मात्र तेवढेच राहते. दीर्घकाळ ही इंजेक्शने घेतलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण कमी असल्याचे जपानमधील काही जुन्या नोंदींच्या अभ्यासांत म्हटले आहे, परंतु ते नियंत्रित प्रयोग नव्हते. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने शरीरात पाणी साठते, रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. पोटात पाणी झालेल्या यकृतकाठिण्याच्या रुग्णास ते विशेष घातक ठरू शकते.

शो-साइको-तो : मूळ चिनी वैद्यकातील हे मिश्रण जपानमध्ये यकृतदाहासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. त्यामुळे, विशेषतः इंटरफेरॉनबरोबर घेतल्यास, फुप्फुसांचा गंभीर दाह झाल्याच्या व त्यातून मृत्यू ओढवल्याच्या नोंदी झाल्या. १९९० च्या दशकात जपानी शासनाला त्याबाबत इशारे द्यावे लागले.

आयुर्वेदीय वनस्पती : चरकसंहितेत चिकित्सास्थानातील पांडुरोगाच्या अध्यायात कामला, म्हणजे कावीळ, या विकाराचे वर्णन येते. यकृतविकारांत कुटकी, भूम्यामलकी (भुईआवळा), पुनर्नवा व गुळवेल या वनस्पती परंपरेने वापरल्या जातात. भुईआवळ्याच्या कुळातील वनस्पतींवर १९८० च्या दशकात भारतात हिपॅटायटिस बीच्या संदर्भात संशोधन झाले. आरंभीचे आशादायक निष्कर्ष पुढील अभ्यासांत टिकले नाहीत. हिपॅटायटिस सी बरा करण्याबाबत यांपैकी कोणत्याही वनस्पतीचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही.

कावीळ आणि हिपॅटायटिस सी

महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत काविळीवर झाडपाल्याचे औषध देणे, माळ घालणे किंवा हात धुऊन कावीळ ‘उतरवणे’ असे उपाय प्रचलित आहेत. भारतात साथीने येणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई यांमुळे होते व ती दूषित पाण्यातून पसरते. हे दोन्ही आजार बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपायास मिळते. हिपॅटायटिस सीचे तसे नाही. त्यात पुष्कळदा कावीळ होतच नाही. जेव्हा ती होते, तेव्हा ती अनेकदा यकृत निकामी होऊ लागल्याची खूण असते. एका काविळीवरचा अनुभव दुसरीला लावल्याने निदानास विलंब होतो आणि रोग बळावतो.

आहार व जीवनशैली

पूरक उपायांपैकी सर्वांत भक्कम आधार आहार व जीवनशैलीतील बदलांना आहे.

मद्य वर्ज्य करणे हा त्यांतील पहिला उपाय होय. मद्य व विषाणू मिळून यकृतकाठिण्याची गती वाढवतात. स्थूलता, मधुमेह व यकृतातील चरबी यांमुळेही हानी वाढते. भारतात अधिक आढळणारा जनुकप्रकार ३ स्वतःच यकृतात चरबी साठवण्यास कारणीभूत होतो. म्हणून वजन आटोक्यात ठेवणे व नियमित व्यायाम यांना महत्त्व आहे.

कॉफीबाबतचे निष्कर्ष लक्षवेधी आहेत. यकृतात व्रणोती बरीच वाढलेल्या रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात (२००९) दररोज तीन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांत रोग बळावण्याचे प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांच्या सुमारे निम्मे आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता, त्यामुळे कॉफी हेच त्याचे कारण असे निश्चितपणे म्हणता येत नाही.

यकृतविकारात प्रथिने वा तेल-तूप पूर्ण बंद करून केवळ उसाचा रस, मुळा व फुटाणे यांवर राहण्याची प्रथा आहे. यकृतकाठिण्याच्या रुग्णांत स्नायू झिजत असल्याने प्रथिने तोडणे अपायकारक ठरते. अशा रुग्णांना पुरेशी प्रथिने, कमी मीठ व दीर्घ उपवास टाळणे असा आहार सुचवला जातो. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोहाच्या गोळ्या आणि मोठ्या मात्रेत अ जीवनसत्त्व घेणे टाळावे, असे मानले जाते. यकृतकाठिण्यात कच्चे किंवा अर्धे कच्चे शिंपले खाल्ल्याने जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

योग, ध्यान व ॲक्युपंक्चर

योगासने, प्राणायाम व ध्यान यांचा विषाणूवर परिणाम होत नाही. थकवा, निद्रानाश व दीर्घ आजारामुळे येणारा मानसिक ताण सुसह्य होण्यास काही रुग्णांना त्यांची मदत होते. ॲक्युपंक्चरचाही उपयोग लक्षणांपुरताच आहे. त्यात एकदाच वापरून टाकून द्यायच्या सुया असणे अत्यावश्यक आहे, कारण दूषित सुई हाच या रोगाच्या प्रसाराचा मार्ग आहे. हीच बाब गोंदणे, शिरावेध व रक्तमोक्षण यांनाही लागू होते.

धोके

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज यकृताच्या बाबतीत विशेष फसवा आहे, कारण पोटात घेतलेल्या बहुतेक द्रव्यांचे रूपांतर यकृतालाच करावे लागते.

कोविड-१९ च्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा वापर वाढला. २०२० च्या अखेरीस गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताची इजा आढळल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी पुढे नोंदवले. पुढे अनेक केंद्रांतील अभ्यासांत अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने मुंबईच्या निष्कर्षावर आक्षेप घेत वनस्पतीची ओळख पटवण्यातील संभाव्य चुकीकडे लक्ष वेधले होते. हळदीचे शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क घालून बनवलेल्या गोळ्यांमुळेही अशी इजा झाल्याची उदाहरणे अमेरिका व इटलीत नोंदली गेली आहेत. स्वयंपाकातील हळदीशी त्यांची तुलना करता येत नाही.

इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांच्या तपासणीत (२००८) सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. चांदीचे कण असलेले द्रावणही या रोगावर खपवले जाते. त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, मात्र त्वचा कायमची निळसर पडू शकते.

औषधांची परस्परक्रिया हा आणखी एक धोका होय. नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी सोफोसबुविर व वेल्पॅटॅसविर यांचे रक्तातील प्रमाण घटवते आणि उपचार निष्फळ ठरू शकतात. वेल्पॅटॅसविरचे शोषण आम्लनाशक औषधांनीही कमी होते. त्यामुळे घेत असलेली प्रत्येक पुडी, काढा वा गोळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगणे हा एकात्मिक उपचारांचा पाया मानला जातो.

सर्वांत मोठी हानी मात्र गमावलेल्या वेळेमुळे होते. एएलटी उतरली म्हणजे रोग गेला, असे समजून उपचार लांबवले जातात. दरम्यान यकृतातील व्रणोती वाढत राहते.

आधुनिक उपचार व भारतातील स्थिती

सोफोसबुविरसोबत डॅक्लॅटॅसविर किंवा वेल्पॅटॅसविर अशा गोळ्या बहुतेक रुग्णांना १२ आठवडे दिल्या जातात. उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणूचे आरएनए आढळले नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानतात. उपचारांपूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी आवश्यक असते, कारण सुप्त बी विषाणू पुन्हा सक्रिय होऊ शकतो.

भारतात २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत शासकीय उपचार केंद्रांत निदान व औषधे विनामूल्य मिळतात. औषधाअभावी पर्यायी मार्ग धरण्याचे पूर्वीचे कारण त्यामुळे बरेच कमी झाले आहे.

बरे झाल्यानंतरही प्रतिपिंडे रक्तात राहतात, पण ती पुनःसंसर्ग रोखत नाहीत. यकृतकाठिण्य झालेल्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी लागते. मद्यत्याग, योग्य आहार व व्यायाम या उपायांचे महत्त्व या टप्प्यावरही कायम राहते.

हेही पाहा

यकृत
कावीळ
हिपॅटायटिस बी
सिऱ्होसिस
जागतिक हिपॅटायटिस दिन