एचटीएमएल : आवृत्तीची निवड

वेबपान कोणत्या प्रमाणानुसार लिहायचे हे ठरवणे. ठरलेली आवृत्ती पानाच्या अगदी वर ‘डॉकटाइप’ या घोषणेत नोंदवली जात असे. मराठी पानांपुरते बोलायचे तर आवृत्तीपेक्षा अक्षरसंकेताची निवड अधिक मोलाची ठरली.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी आलेल्या एचटीएमएल २.० चा मूळ अक्षरसंच पश्चिम युरोपीय भाषांपुरता होता. त्यात देवनागरीला जागाच नव्हती. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने सर्व लिप्यांना जागा देणाऱ्या युनिकोडशी जुळणारा संच पायाभूत धरला आणि मजकुराची भाषा सांगणारा ‘लँग’ गुणधर्म दिला. मराठीसाठी खरा दरवाजा इथे उघडला, पण त्यातून आत यायला आपल्याला बरीच वर्षे लागली.

कारण छपाईच्या सवयीत होते. गिरगावात खटाववाडीतील मौज प्रिंटिंग ब्यूरोसारख्या छापखान्यांतला जुळारी ऱ्हस्व वेलांटीचा खिळा व्यंजनाच्या आधी लावी, कारण कागदावर ती आधी दिसते. डीटीपीच्या फॉण्टांनी हाच क्रम उचलला. अर्धी अक्षरे, काना, मात्रा हे सारे सुटे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवले गेले. तोच मजकूर वेबवर चढवला की पडद्यावर ‘दादर’ दिसे, संगणकाला मात्र निरर्थक रोमन अक्षरे दिसत. शोधणाऱ्याला त्यातून दादर कधीच सापडत नसे. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने साठवली जाते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेदही तिथे साठवणीतच टिकतो. दक्षिण मुंबईतील जे. जे. कलाशाळेत शिकलेले र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉण्ट विंडोज २००० बरोबर आला, तेव्हा विशिष्ट फॉण्ट उतरवून घेण्याची सक्ती उरली नाही.

एचटीएमएल ४.०१ (१९९९) आणि एक्सएचटीएमएल १.० (२०००) या दोन्हींत ‘स्ट्रिक्ट’ व ‘ट्रान्झिशनल’ असे प्रकार होते. फॉण्टचे नाव सांगणारा जुना टॅग स्ट्रिक्टमध्ये निषिद्ध, ट्रान्झिशनलमध्ये चालणारा. त्या टॅगवर उभ्या असलेल्या मराठी पानांना ट्रान्झिशनलच सोयीचा होता. एक्सएचटीएमएलची शिस्त मोहक होती, पण खऱ्या एक्सएमएल स्वरूपात पाठवलेल्या पानात एक टॅग बंद करायचा राहिला, तरी वाचकाच्या वाट्याला लेखाऐवजी त्रुटीचा संदेश येई. शिवाय इंटरनेट एक्सप्लोरर ८ पर्यंतच्या आवृत्त्या ते स्वरूप स्वीकारतच नव्हत्या. म्हणून बहुतेकांनी डॉकटाइप एक्सएचटीएमएलचा लावला आणि पान साध्या एचटीएमएलसारखेच पाठवले. अशा निवडीने लाभ फारसा झाला नाही.

अ‍ॅपल, मोझिला व ऑपेरा यांच्या मंडळींनी २००४ मध्ये स्थापन केलेल्या गटाच्या कामातून एचटीएमएल ५ (२०१४) घडले. या गटाने जुन्या प्रमाणसंस्थेशी २०१९ मध्ये केलेल्या करारानंतर एकच, सतत सुधारत जाणारे प्रमाण उरले. डॉकटाइपमध्ये आवृत्तीचा अंक तर एचटीएमएल ५ पासूनच लिहावा लागत नाही.

आज मराठी पान लिहिणाऱ्याने अक्षरसंकेत युनिकोडचा यूटीएफ-८ आणि भाषा ‘एमआर’ अशी स्पष्ट नोंदवावी. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी प्रमाण वर्णमाला ठरवली. तिच्यातील मराठी वळणाचे ल आणि श, फॉण्टमध्ये ती रूपे असतील तर, या भाषानोंदीमुळेच आपोआप निवडले जातात. नोंद करायची राहून गेली, तर त्याच फॉण्टमधून बहुधा हिंदी वळणाचे ल-श उमटतात.