‘बसरा’ मोती आणि मुंबईची बाजारपेठ

गिरगाव-दादरकडील जुन्या घरांतून आजीच्या नथीविषयी बोलताना ‘अस्सल बसऱ्याचे मोती’ हा शब्दप्रयोग आजही कानी पडतो. या नावात भूगोलाची एक फसगत आहे. बसरा हे शत्-अल्-अरब नदीवरील बंदर. मोत्यांच्या शिंपा तेथे पिकत नाहीत. हे मोती बव्हंशी बाहरीनच्या आसपास, इराणच्या आखाताच्या उथळ तळावरून पाणबुडे काढीत. म्हणजे ‘बसरा’ हे उत्पत्तिस्थानाचे नव्हे, व्यापाराने रूढ केलेले नाव होय. मोत्याचे मोलही असेच समुद्रात न ठरता पेढीवर ठरत असे, आणि ती पेढी दीर्घकाळ मुंबईत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे १९३० पर्यंत आखातातील मोत्यांचा मोठा हिस्सा मुंबईस येई. मुंबईत गिऱ्हाईक होते, एवढेच याचे कारण नाही. आखाती किनाऱ्यावर चलन हिंदी रुपयाचे होते. तेथील तांदूळ आणि कापड हिंदुस्थानातून जाई, आणि व्यापारास लागणारे भांडवलही पुष्कळसे येथूनच पुरविले जाई. पाणबुडे आगाऊ उचलीवर राबत असल्यामुळे मुंबईत भाव उतरला की त्यांच्या डोक्यावरचे कर्ज वाढे. अरब व्यापाऱ्यांचेही या शहरात वास्तव्य असे. १९०५ मध्ये जिद्दा येथे अल्-फलाह शाळा स्थापन करणारे मुहंमद अली झैनल हे मुंबईतील मोत्यांचे नामांकित व्यापारी होते. झवेरी बाजाराच्या परिसरात मोती चाळून, पारखून, धनुष्याकृती गिरमिटाने वेधले जात. नंतर रेशमी धाग्यात ओवून, चांदीच्या तारेचे गोंडे लावून त्यांचे जुडगे पॅरिस-लंडनकडे रवाना होत. सौदा रुमालाखाली बोटे दाबून होई. शेजारी बसलेल्यास भाव कळू नये, हा त्यातील हेतू.

या बाजारातील ‘चव’ नावाचे परिमाण विशेष अभ्यसनीय आहे. मोत्यांचे वजन टांकात घ्यावयाचे (२४ रती म्हणजे १ टांक), त्याचा वर्ग करून ३३० ने गुणावयाचे आणि मोत्यांच्या संख्येने भागावयाचे. सहा रतींच्या एका मोत्याचे माप यामुळे २० चवांहून किंचित अधिक भरते, तर बारा रतींच्या मोत्याचे साडेब्याऐंशी. वजन दुप्पट, मोल चौपट! प्रत्येक चवाचा दर मात्र ‘पाणी’, घाट आणि रंग पाहून ठरे, आणि तेथे गणित संपून नजर सुरू होई. वजनापेक्षा मोल वेगाने चढते, ही जाणीव सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही आढळते. त्याच ग्रंथात शिंपेबरोबर हत्ती, सर्प, शंख, मेघ, वेळू, मत्स्य आणि वराह हीही मोत्याची उगमस्थाने सांगितली आहेत. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपेत पडून मोती होतो, ही लोकसमजूत सर्वश्रुतच आहे. या कल्पनांस भाबड्या म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु मोती मनुष्याने घडविता येत नाही, तो लाभावा लागतो, ही एकच धारणा त्या सर्वांच्या मुळाशी आहे.

जपानच्या मिकिमोतो यांनी या धारणेवरच आघात केला. १८९३ मध्ये त्यांना अर्धगोल संवर्धित मोती साधला. १९२१ मध्ये गोल संवर्धित मोती लंडनच्या बाजारात येताच खळबळ उडाली. शिंपीच त्यांवरही कॅल्शियम कार्बोनेटचे तेच थर चढविते. अंतरीचा मणी तेवढा माणसाने घातलेला असतो. डोळ्यांस न दिसणारा हा भेद क्ष-किरणांनी दिसतो. त्यातच १९२९ ची मंदी आली. पाश्चात्त्य गिऱ्हाईक आटले आणि आखाती मोत्यांचा धंदा खचला. बाहरीनमध्ये १९३२ साली तेल लागल्यावर पाणबुड्यांस दुसरा रोजगार मिळू लागला. मुंबईचे अनेक मोतीव्यापारी हिऱ्यांकडे वळले. गिरगावच्या ऑपेरा हाऊसभोवती वाढलेला हिऱ्यांचा बाजारही २०१० नंतर बहुतांशी वांद्रे-कुर्ला संकुलात गेला.

नथ मात्र राहिली. मोती हे मृदू रत्न. घाम आणि आम्ल यांनी त्याचे तेज जाते, आणि धागाही कालांतराने कुजतो. म्हणून जुनी नथ पुन्हा गाठवून घ्यावी लागते, आणि त्या वेळी झिजलेल्या मोत्यांच्या जागी नवे घातले जातात. अशा नथीत आखातातील मोती आणि संवर्धित मोती शेजारी शेजारी बसलेले असतात. कोणता कोठला, हे नेसत्या लुगड्यावर ती घालणाऱ्या मालकिणीसही सांगता येत नाही. तिला घरात म्हणतात मात्र बसऱ्याचीच नथ.